गेटवरच्या वहीतली दोन बिलं

जुलैची 10 तारीख. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-1 (महिन्याच्या विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायची शेवटची तारीख, म्हणून अकाउंटच्या काकू लवकर आल्या होत्या. सव्वाआठला त्यांचा फोन आला. "अरे, ईआरपी उघडतच नाही. नुसतं गोल फिरतंय."

मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) आयटी बघतो. प्रिंटरपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळं माझ्याकडे असलं, तरी जीव लावून केलेलं काम एकच, ईआरपीनेक्स्ट. हीच आमची ईआरपी, म्हणजे उत्पादनापासून बिलांपर्यंत सगळ्या नोंदी एकत्र ठेवणारी यंत्रणा. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं आहे, माणसागणिक पैसे मोजावे लागत नाहीत. दादांना (आमच्या मालकांना सगळे दादाच म्हणतात) मी ते दोन महिने मागं लागून पटवलं होतं. आपला डेटा आपल्या छताखाली, हे माझं आवडतं वाक्य. भट्टीच्या हीटपासून (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या नोंदीपासून) डिस्पॅचच्या बिलापर्यंत सगळं ऑफिसातल्या एका मशिनवर चालायचं.

सकाळी दोनदा लाइट गेली होती आणि यूपीएसनं दुसऱ्या वेळी दम धरला नाही. पोचलो तर बायोसला एसएसडीच (डेटा साठवणारी डिस्क) दिसत नव्हती. केबल बदलली, दुसऱ्या मशिनला लावून पाहिली. नाहीच.

बॅकअप होता. ईआरपीनेक्स्ट चालवणारं बेंच हे टूल तो दर सहा तासांनी घेत होतंच, पण त्याच डिस्कवर. म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. रात्री दोनला ती मध्यरात्रीची फाइल गेटजवळच्या केबिनमधल्या जुन्या पीसीवर न्यायची. तो पीसी सीसीटीव्हीसाठी रात्रंदिवस चालू असतो. धावत तिथं गेलो. फाइल होती, त्याच तारखेची. तिथंच खुर्चीत बसलो, पाय लटपटत होते.

मग फोल्डर नीट पाहिलं. बेंच बॅकअप घेतं तेव्हा डेटाबेसच्या फाइलशेजारीच साइट कॉन्फिगचीही (साइटच्या सेटिंग्जच्या फाइलची) प्रत ठेवतं. माझी स्क्रिप्ट फक्त डेटाबेसची, म्हणजे एसक्यूएलची फाइल उचलत होती. आणि बॅकअप घेताना फाइल्ससकट घे, असं मी बेंचला कधी सांगितलंच नव्हतं. म्हणजे आकडे वाचले, पण आयटेमला जोडलेली कास्टिंगची ड्रॉइंग्ज आणि टेस्ट सर्टिफिकेटं गेली. चूक पूर्णपणे माझी होती. दादांना मी तसंच सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "आधी गाडीचं बघ."

गाडी म्हणजे चाकणला जाणारा टेम्पो. माल भरून दारात उभा होता. बिल नाही, म्हणून ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी लागणारा जीएसटीचा कागद) नाही, म्हणून गाडी हलत नाही. तिकडं गिऱ्हाइकाची लाइन थांबली असती. डिस्पॅचचा पोरगा म्हणाला, "साध्या एक्सेलमध्ये बिल करू की, नंबर आठवतोय मला." काकूंनी त्याला तिथल्या तिथं थांबवलं. "नंबर आठवून चालत नाही बाळा. आज सकाळी बिलं गेलीत का, ते आधी बघा."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझा बॅकअप मध्यरात्रीचा. पहाटे एखादी गाडी गेली असेल, तर तिच्या बिलाची नोंद सरकारी पोर्टलवर आहे, पण परत आलेल्या ईआरपीला तिचा पत्ता नसणार. बिलाच्या मालिकेचा पुढचा आकडा डेटाबेसातच असतो, तोही मागं जाणार. मग चाकणच्या बिलाला तोच नंबर पडला असता. ई-इन्व्हॉइसचा, म्हणजे पोर्टलवर नोंदलेल्या बिलाचा, आयआरएन (नोंदणी क्रमांक) बनतो तो आपला जीएसटीआयएन (जीएसटी क्रमांक), आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि नंबर एवढ्यावरूनच. म्हणजे नंबर तोच, तर आयआरएनही तोच, आणि पोर्टल चाकणचं बिल घेणार नाही.

वॉचमन मामांकडे गेलो. त्यांची जाड रेघांची वही, कोपरे ओलसर. एका जागेवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या बघा, साडेसहा आन् सात. दोन गाड्या." गाडी नंबर, बिल नंबर, ड्रायव्हरची सही. 613 आणि 614. ईआरपी आल्यावर ही वही बंद करू या, असं मीच एकदा सुचवलं होतं. मामांनी ऐकलं नव्हतं, त्याबद्दल त्या दिवशी त्यांचे मनापासून आभार मानले.

गोडाउनमधला एक पीसी उचलून आणला, नवी एसएसडी घातली. उबंटू, मारियाडीबी, रेडिस, नोड, मग बेंच. ईआरपीनेक्स्ट आणि त्याला जोडलेल्या इंडिया कम्प्लायन्स या जीएसटीच्या ॲपच्या आवृत्त्या जुन्या मशिनवर होत्या त्याच हव्यात. त्या मी डायरीत लिहून ठेवल्या होत्या, हे एक बरं केलं होतं. इन्स्टॉलेशनला दीड तास गेला, रिस्टोअरला वीस मिनिटं. लॉगइनचं पान उघडलं तेव्हा काकू मागं उभ्या होत्या. आधी त्यांनी जूनचा विक्रीचा बेरजेचा आकडा पाहिला. जुळला.

पण मेल जाईनात, ई-इन्व्हॉइस होईना. साठवलेले पासवर्ड ज्या किल्लीनं बंद केलेले असतात, ती साइट कॉन्फिगमध्ये असते. नव्या साइटला नवी किल्ली, जुनं कुलूप तिला उघडत नाही. दादांच्या मोबाइलवर ओटीपी मागवत एकेक पासवर्ड नव्यानं भरला. यात आणखी तास गेला.

त्यानंतर चाकणचं बिल करायची घाई होती, पण आम्ही आधी 613 आणि 614 भरली. काकू ऑफिस कॉपीवरून वाचत होत्या, मी टाइप करत होतो. आयटेम, नग, दर, अगदी पैशांचा राउंडऑफसुद्धा तोच. 613 सबमिट केलं. पोर्टलनं सांगितलं, ह्या नंबरची नोंद आधीच आहे, आणि जुना आयआरएन परत दिला. चौसष्ट अक्षरं. काकूंनी चष्मा वर सरकवला, कागदावर बोट ठेवलं आणि चार-चार अक्षरं वाचत गेल्या, मी स्क्रीनवर जुळवत गेलो. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा त्यांनी फक्त "हं" म्हटलं आणि 614 चा कागद वर घेतला.

चाकणला 615 गेलं, साडेतीनला. मामांनी वहीत लिहिलं.

रात्रपाळीच्या हीटच्या नोंदी मेल्टिंगच्या सुपरवायझरांच्या रजिस्टरवरून भरल्या. ड्रॉइंग्ज गोळा करायला मात्र तीन आठवडे लागले. काही गिऱ्हाइकांच्या जुन्या मेलमधून, काही पॅटर्न शॉपच्या भिंतीवरून. सात ड्रॉइंग्ज पुन्हा मागवावी लागली. गिऱ्हाइकाला तसा फोन करणं मला फार जड गेलं.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गोडाउनमधल्या त्याच पीसीवर मी ताजा बॅकअप, कॉन्फिग आणि फाइल्ससकट, उतरवतो. नंतर काकूंना फोन करून कुठलाही एक बिल नंबर विचारतो. गेल्या खेपेला त्यांनी मार्चमधलं पंप हाउसिंगचं बिल सांगितलं. उघडलं. आयटेमवर टिचकी मारली, ड्रॉइंगही उघडलं. "आता त्याचं टेस्ट सर्टिफिकेट काढ," काकू म्हणाल्या.