पतंगाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?

सुट्टीत पुण्याला आले की कुणी ना कुणी विचारतंच, आणि परवा तुम्हीही विचारलंत: ह्यूस्टनच्या लायब्ररीत तुम्ही स्पॅनिश पुस्तकं निवडता म्हणजे नेमकं काय करता? इंग्रजीतली गाजलेली पुस्तकं स्पॅनिशमध्ये मिळतातच, ती मागवली की झालं ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पहिली दोन वर्षं मीही तेच केलं. वितरकाची यादी घेतली, खपणारी पुस्तकं मागवली, कपाटं भरली. पुस्तकं मात्र जागची हलेनात. एका दुपारी एक मेक्सिकन आजी नातीला वाचून दाखवत होत्या. कान देऊन ऐकलं तर छापलेलं एक आणि आजी वाचतायत दुसरंच. पुस्तक स्पेनमधलं. त्यात मुलांना उद्देशून 'वोसोत्रोस' होतं. 'तुम्ही सगळे' या अर्थाचं ते सर्वनाम लॅटिन अमेरिकेत रोजच्या बोलण्यात येत नाही. पतंगाला 'कोमेता' छापलेलं होतं. आजी न अडखळता 'पापालोते' म्हणत होत्या.

मग मी पतंगाच्या मागेच लागले. मेक्सिकोत पापालोते, ग्वातेमालात बार्रिलेते, एल साल्वादोरमध्ये पिस्कुचा, पोर्तो रिकोत चिरिंगा. त्यातला पापालोते तर मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांच्या नावात्ल भाषेतल्या फुलपाखराच्या शब्दावरून आलेला. पोळी म्हणतो की चपाती यावरून माणसाचं गाव ओळखणाऱ्या तुम्हाआम्हाला हे निराळं सांगायला नको. अमेरिकेत ४ कोटींहून जास्त लोक घरी स्पॅनिश बोलतात, पण माझ्या दारातून येतं ते एकेक घर, आणि ते कुठून तरी आलेलं असतं. म्हणून आता यादी उघडण्याआधी मी जवळच्या शाळेत जाते. मुलांना न्यायला आलेल्या आयांना विचारते: तुमचं गाव कुठलं, लहानपणी काय ऐकलंत, घरी मोठ्याने कोण वाचतं?

खरी निवड मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराला होते. १९८७ पासून तिथे नोव्हेंबरअखेर मोठा पुस्तकमेळा भरतो आणि आमच्यासारखे ग्रंथपाल रिकाम्या बॅगा घेऊन जातात. पुस्तक हातात घेऊन, पान उघडून, उभ्याउभ्या पुटपुटत वाचून बघता येतं. अनुवादात यमक मोडलं असेल तर दुसऱ्याच पानावर कळतं. लहान प्रकाशकांच्या आवृत्त्या छोट्या असतात, पुढच्या वर्षी तेच पुस्तक मिळेल याचा भरवसा नाही. आवडलं तर तिथेच घ्यायचं. बांधणी बहुधा कागदी, मुलांच्या हातात टिकावी म्हणून इथे आणल्यावर तिला प्लास्टिकचं वेष्टन आणि कण्याला चिकटपट्टी.

मांडणीतही जीव गुंतवावा लागतो. स्पॅनिश पुस्तकांच्या कण्यावरचं नाव बरेचदा खालून वर वाचायचं असतं, इंग्रजीच्या उलट. एकाच कपाटात दोन्ही ठेवली की वाचणाऱ्याची मान दोन्हीकडे हलते. आणि आडनावं दोन, लावायचं पहिल्यावरून. कादंबरीकार गार्सिया मार्केस 'ग' खाली हवेत, 'म' खाली ठेवले तर शोधणाऱ्याला ते लायब्ररीत नाहीतच असं वाटतं.

तुमच्यासारखेच इथले काही पालक विचारतात, स्पॅनिश वाचत बसली तर मुलं इंग्रजी कधी शिकणार? मला हे पटत नाही. इंग्रजी शाळेत, रस्त्यावर, टीव्हीवर सगळीकडे आहे. आजीची भाषा जपायला आजी आणि हे कपाट. द्वैभाषिक पुस्तकंही मी घेते, पण मोजकीच, कारण दोन्ही भाषा शेजारी दिसल्या की मुलांची नजर इंग्रजीकडेच सरकते. पोर्तो रिकोहून आलेल्या ग्रंथपाल पुरा बेलप्रे १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीला लागल्या, हार्लेम या वस्तीत. आपल्या पोर्तो रिकोच्या लोककथा तिथल्या कपाटात नाहीत हे बघून त्यांनी त्या मुलांना सांगायला सुरुवात केली, बाहुल्या नाचवून. त्यातली उंदीर आणि झुरळीची कथा १९३२ मध्ये पुस्तकरूपात आली. कपाटात जे नाही ते आपणच आणायचं, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

गेल्या महिन्यात ग्वातेमालाची एक आई आली. मी उत्साहाने बार्रिलेतेचं पुस्तक पुढे केलं. तिच्या देशातल्या सुंपांगो गावी १ नोव्हेंबरला माणसाहून कितीतरी मोठे पतंग उडवतात, त्याची चित्रं त्यात होती. ती हसली, पानं उलटली, आणि म्हणाली, "स्पॅनिश मी शाळेत शिकले. घरी आम्ही माम बोलतो."

माम ही ग्वातेमालातल्या माया लोकांची भाषा. माझ्याकडे तिच्यातलं एकही पुस्तक नव्हतं. नाव-नंबर लिहून घेतला. नोव्हेंबरात ग्वादालाहाराला जाईन, तेव्हा ग्वातेमालाच्या प्रकाशकांकडे सर्वात आधी हेच विचारणार आहे.