इंचातले प्लॅन मिलिमीटरमध्ये – स्क्रिप्ट अपडेट ३

लाकूडकामाचे चांगले फुकट प्लॅन बघावे तर बहुतेक अमेरिकन, सगळी मापं इंचात आणि तीही अपूर्णांकात, आणि मी मार्किंग करतो मिमीमध्ये. म्हणून ब्राउझरमध्ये चालणारी छोटी जावास्क्रिप्ट लिहितोय, पान उघडलं की प्रत्येक इंचाच्या शेजारी मिमी दिसतं.

गुणाकार पाच मिनिटांचं काम, १९५९ च्या करारापासून इंच म्हणजे बरोब्बर २५.४ मिमी. खरा घोळ आकडा वाचण्यात आहे. परवा स्टुलाच्या प्लॅनमध्ये १½ इंचापुढे १३९.७ मिमी आलं, म्हणजे चक्क साडेपाच इंच! दोन संध्याकाळी गेल्या तेव्हा सापडलं, ½ हे एकच अक्षर असतं, मी ते नॉर्मलाइझ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, १/२ असं फोडत होतो आणि आधीचा १ त्याला चिकटून ११/२ होत होतं. आता फोडायच्या आधी मध्ये स्पेस टाकतो, ३८.१ येतंय. लाकूड कापायच्या आधी दिसलं हे फार बरं झालं.

दुसरं म्हणजे टू बाय फोर, अमेरिकन प्लॅनमधली लाकडाची पट्टी. २ × ४ इंच हे नुसतं नाव आहे, सुकवून रंधून झाल्यावर ती पट्टी १½ × ३½ इंच भरते, म्हणजे ३८ × ८९ मिमी, आणि स्क्रिप्ट दाखवत होती ५१ × १०२. अशा नावांची वेगळी यादीच केली, टू बाय सिक्स ३८ × १४०, वन बाय सिक्स १९ × १४०.

आधी पानाचं अख्खं इनर-एचटीएमएल, म्हणजे आतला सगळा कोड, बदलायचो त्यामुळे साइटची बटणं बंद पडायची, आता ट्री-वॉकर या ब्राउझरच्याच सोयीने फक्त टेक्स्ट नोड, म्हणजे पानावरचा नुसता मजकूर, धरतो. आकडे दाखवायला जावास्क्रिप्टमधलंच इंटल नंबरफॉरमॅट, त्याला लोकेल (भाषा) मराठी आणि एकक मिमी दिलं की आपोआप '३८.१ मिमी' देवनागरी आकड्यांत येतं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा काय भारी वाटलं! फक्त ते इंचाचं मिमी करून देत नाही, तो हिशोब आपणच करायचा.

आमचे सुतारकाका अजून सूतात बोलतात, आठ सूत म्हणजे एक इंच. त्यांच्यासाठी माउस नेला की सूतही दिसेल असं केलंय, ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी, तीन सूत. काकांना मोबाइलवर दाखवायला गेलो तर तिथे माउसच नाही, त्यामुळे आता बोटाने टॅप केल्यावर उघडेल असं करतोय.