मैदानाच्या दिवशी ओबीएस अपडेट केलं, त्याची गोष्ट

मी सांगलीचा, लग्नं आणि कुस्ती मैदानं लाइव्ह करतो. 2023 च्या चैत्रात तासगाव तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेचं मैदान होतं, दुपारी तीनला पहिली जोड लागणार आणि मी सकाळी घरी चहा पिता पिता ओबीएस, म्हणजे लाइव्ह करायचं सॉफ्टवेअर, 27 व्हर्जनवरनं थेट 29 वर नेलं. बॅकअप नाही, टेस्ट नाही. चूक माझीच.

मैदानात टेबल मांडलं, कॅमेरे जोडले, चित्र आलं, हलगीचा आवाजही छान येत होता, पण पैलवानांच्या नावाची पट्टी खालून सरकत येते ती गायब! ती एका जुन्या प्लगिनवर, म्हणजे ओबीएसला वरनं जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमवर, चालायची. ऑगस्ट 2022 मध्ये 28 आलं तेव्हाच ओबीएस क्यूटी 6 वर गेलेलं (क्यूटी म्हणजे त्याच्या खिडक्या-बटणं ज्यावर बनतात तो पाया), त्यामुळं क्यूटी 5 वरची बरीच प्लगिनं नव्यानं बनवायला लागली, आणि माझ्याकडं जुनंच. वर मोबाइलवरनं सीन, म्हणजे स्क्रीनवरची कॅमेरा-पट्टीची मांडणी, बदलायचो तेही जोडेना, कारण वेबसॉकेट (मोबाइलनं ओबीएस चालवायची सोय) पूर्वी वेगळं टाकायचो ते 4444 पोर्टवर, म्हणजे त्या जोडणीच्या नंबरावर, आता ते ओबीएसच्या आतच असतं पण 4455 वर, आणि आधी सेटिंगमध्ये जाऊन चालू करायला लागतं. हे सगळं रिलीज नोट्समध्ये लिहिलेलं, मी वाचलं रात्री घरी आल्यावर.

पहिल्या दोन जोडी विनानावाच्या गेल्या. मग एक काका फोन घेऊन टेबलापाशी आले, "दादा, आमचा थोरला आर्मीत हाय, जम्मूला. तो इचारतोय, आपला पोरगा यातला कंचा?" काळजात चर्र झालं. हिंदकेसरी मारुती माने ज्या कवठे पिरानचे ते याच जिल्ह्यात, इथं पैलवान नावानं आणि गावानं ओळखला जातो, आणि मी त्या पोराचं नावच घालवलं होतं.

जुना इन्स्टॉलर जवळ नव्हता, आणि होतं नव्हतं ते नेट स्ट्रीमला लागत होतं. मग ओबीएसमधला साधा टेक्स्ट सोर्स, म्हणजे स्क्रीनवर अक्षरं दाखवायची सोय, टाकला आणि त्यात 'रीड फ्रॉम फाइल' चालू केलं, म्हणजे नोटपॅडच्या फाइलमध्ये नाव लिहून सेव्ह केलं की स्क्रीनवर बदलतं. भाच्याला जोडींचा कागद देऊन दुसऱ्या खुर्चीवर बसवला, तो नाव, गाव, तालीम टाइप करायचा आणि मी कीबोर्डच्या हॉटकीनं कॅमेरे फिरवायचो. पट्टी सरकत नव्हती, नुसती पांढरी अक्षरं, पण एक नंबरची, म्हणजे मैदानातली शेवटची मोठी कुस्ती घिस्सा डावावर निकाली झाली तेव्हा दोन्ही नावं खाली नीट दिसत होती. काकांच्या पोराची कुस्ती मात्र तोवर होऊन गेलेली, त्याचं वाईट अजून वाटतं.

आता नवं व्हर्जन आलं की आधी त्याची पोर्टेबल, म्हणजे जुन्याला धक्का न लावता चालणारी, कॉपी करून वेगळ्या फोल्डरात टाकतो, सीन कलेक्शन एक्स्पोर्ट करून त्यात उघडतो, आणि मैदान तोंडावर असलं तर हातच लावत नाही. प्लगिनचं नवं व्हर्जन मिळालं, पट्टी परत सरकते. पण तो नोटपॅडवाला टेक्स्ट सोर्स प्रत्येक सीनमध्ये ठेवलाय, त्याच्या डोळ्याचं चिन्ह बंद करून, म्हणजे लपवून.