तीन आकडे

माळ्यावरचा संगणक खाली आला. मागून बाबांचा आवाज: "भंगारवाला येणारे, दारातच ठेव." मी तो दारात न ठेवता डायनिंग टेबलावर ठेवला, त्यामुळे आईही विरोधी पक्षात गेली.

खोक्यावर कंपनीचं नावच नाही. १९९२ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेला माल, त्याला कुठलं घराणं! पुढच्या बाजूला वेग बदलायचं टर्बोचं बटण आणि हिरव्या आकड्यांची खिडकी. लहानपणी मला वाटायचं, तो स्पीडोमीटर आहे. उघडल्यावर कळलं की ते आकडे मागच्या जंपरांनी, म्हणजे पिनांवरच्या चिमुकल्या टोप्यांनी, लावून ठेवलेले असतात. ९९ लावले तर ९९ दाखवेल, यंत्र रांगत का असेना.

आत प्रोसेसरवर '३८६' दिसलं आणि निम्मी ओळख पटली. मदरबोर्डच्या कोपऱ्यात ३.६ व्होल्टची बॅटरी मात्र फुटून गळली होती. भोवती मोरचुदासारखा हिरवट-निळा थर. ती कापून काढली, कापसाच्या काडीने व्हिनेगर लावलं, जुन्या टूथब्रशने घासलं. पॉवर सप्लायच्या दोन प्लगांची जोडणी करताना हात थरथरत होता. काळ्या वायरी शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत. उलट लागले तर बोर्ड गेलाच.

बटण दाबलं. टिक-टिक करत मेमरी मोजली गेली, ४०९६ केबीवर थांबली आणि पडद्यावर तक्रार आली: सीमॉस चेकसम. सीमॉस म्हणजे बॅटरीच्या जिवावर सेटिंग लक्षात ठेवणारी चिप; बॅटरी गेली आणि तिच्याबरोबर स्मरणशक्तीही. पोटात हार्ड डिस्क फिरतेय, पण साहेबांच्या लेखी ती नाहीच! सेटअपमध्ये डिस्कचे १ ते ४६ असे ठरलेले प्रकार. त्यांत न बसणाऱ्यांसाठी ४७ वा, तिथे सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे डिस्कच्या मापाचे तीन आकडे आपण भरायचे. डिस्कवरचं लेबल तर झुरळांनी कुरतडलेलं.

"झाकण बघ आतून," बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

झाकणाच्या आत पेन्सिलीने, बाबांच्याच अक्षरात: १००१ – १५ – १७. तिन्हींचा गुणाकार, त्याला पुन्हा प्रत्येक सेक्टरच्या ५१२ बाइटांनी गुणलं. १३ कोटी ६ लाख ९० हजार ५६० बाइट झाले. हल्ली फोनमधल्या चाळीसेक फोटोंत संपेल एवढी जागा, पण तेव्हा बाबा म्हणाले होते म्हणे, "जन्मभर पुरेल."

आकडे भरले. डिस्क कुरकुरत कामाला लागली, डॉस ही तेव्हाची संगणक चालवणारी प्रणाली आली आणि तारीख विचारू लागली: मंगळवार, १ जानेवारी १९८०. बॅटरी नाही, तर दर वेळी हाच मंगळवार.

आता बाबा चष्मा लावून शेजारी येऊन बसले. तेव्हा ते सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि थकबाकीदारांची नावं फळ्यावर लिहिण्याबद्दल बदनामही. डीबेस या नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅमची एक फाइल दिसली. डीबेस काही चालेना, म्हणून टाइप कमांड देऊन ती नुसतीच पडद्यावर ओतली. सगळ्या नोंदी एकाला एक चिकटलेल्या; पण फ्लॅट नंबर आणि बाकी रक्कम वाचता येत होती. एकच मोठी बाकी होती. ए-७.

"हे तर आपलंच घर," मी म्हणालो.

"बंद कर आता," बाबा उठले. "उगाच वीज जळतेय."