तेराव्याच्या पंगतीत तांबे

भा. रा. तांब्यांची ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’ ही कविता लोक नेहमी उसासा टाकूनच का म्हणतात? लताबाईंच्या आवाजामुळेही असेल. जग स्वार्थी, कुणी कुणाचं नसतं वगैरे अर्थ ठरलेला. मला तो पटत नाही.

आज मामाचं तेरावं होतं. मामेभाऊ फोटोला हार घालताना रडला. तोंड धुऊन आला आणि केटररशी जिलब्यांच्या किलोंवरून हुज्जत घालायला लागला. पलीकडच्या पंगतीत हशा. ‘सखेसोयरे डोळे पुसतिल, पुन्हा आपल्या कामी लागतिल’, अगदी त्याच क्रमाने! यात स्वार्थ कुठला आला? घरच्यांना गोडाचा घास भरवून रोजच्या रगाड्यात परत आणायचं, तेराव्याचं कामच ते. (मामा असता तर त्याने भावापेक्षा जास्त हुज्जत घातली असती.)

तांबे सांगतात, सूर्य तळपेल, मेघ बरसतील, शेतं पिकतील. आपण नसताना शेतं पिकणार ही वाईट बातमी कशी? कळ येते ती एकाच जागी, नदीकाठी ‘हेच पाय’ पुन्हा उमटणार नाहीत तिथे. आणि शेवटी न्यायला येतो तो हरिदूत. त्याला पाठ का दाखवावी, असं कवीच विचारतो. भीतीचा मागमूस नाही.

फक्त ‘मोहि कुणाच्या का गुंतावे’ हे मी त्यांच्याकडून ऐकून घेणार नाही. चंद्रतारे, नद्या, सोयरे सगळे एकेक करून आठवणारा माणूस चांगलाच गुंतलेला असतो.