बंद झालेले चाकू, चालू दुकान : आमची वाटचाल

सांगलीच्या गणपती पेठेत आमच्या काउंटरवर दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एकाला चाकू वापरायचा असतो, दुसऱ्याला ठेवायचा असतो. दुकान पहिल्यांच्या जिवावर चालतं, हे आधीच सांगून टाकतो. पण अलीकडे दुसरी मंडळी वाढलीत आणि त्यांचा प्रश्न ठरलेला आहे. "हे मॉडेल कंपनीनं बंद केलंय म्हणतात. घेऊन ठेवलं तर पुढं भाव येईल का?" दुकानाची वाटचाल लिहा म्हणून पुतण्या मागं लागला होता, तेव्हा म्हटलं, या प्रश्नाला धरूनच लिहू. उत्तर कुणा तज्ज्ञानं शिकवलेलं नाही, दुकानातच कळत गेलेलं आहे.

आजोबांचं दुकान नव्हतंच. पायानं फिरवायचं धारेचं चाक होतं आणि बाजारच्या दिवशी ते मांडून बसायचे. विळ्या, अडकित्ते, न्हाव्यांचे वस्तरे, शिंप्यांच्या कात्र्या. वडिलांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, गाळा भाड्यानं घेतला आणि धारेसोबत विक्री सुरू केली. त्या काळी खेड्यातल्या माणसाच्या कोपरीच्या खिशात घडीचा चाकू असायचाच. उसाचं कांडं सोलायला, सुतळी तोडायला, दाव्याची गाठ सुटली नाही तर कापायला. एक पातं, दोन-तीन रिव्हेट, लाकडाची नाहीतर शिंगाची मूठ. झिजला की नवा. कुणी जपून ठेवलेला मला आठवत नाही.

मग द्राक्षं आली. तासगाव, पलूस, मिरजेच्या पूर्वेला बागा वाढल्या तसं आमचं वर्षाचं गणित एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी यांवर बसायला लागलं. छाटणीच्या कात्र्या, त्यांच्या सुट्या स्प्रिंगा, सुटी पाती. पुढं डॉगरिज या काटक द्राक्षवेलीच्या खुंटावर कलम भरायची पद्धत रुळली आणि कलमाच्या चाकूला मागणी आली. हा चाकू साध्या चाकूसारखा नसतो. त्याला धार एकाच बाजूनं असते, दुसरी बाजू सपाट. काडीची पाचर एका ओढीत निघाली पाहिजे. दोनदा चाकू लावला की काप वर-खाली होतो, काडी आणि खुंट अंगाला अंग लावून बसत नाहीत आणि कलम वाळतं. उजव्या हाताचा चाकू डावखुऱ्याला चालत नाही, त्याला उलट्या धारेचा लागतो. कलम भरणाऱ्या टोळीत एखादा डावखुरा असतोच आणि तो नेमका माल संपल्यावर येतो.

या कामासाठी एक परदेशी घडीचा चाकू टोळ्यांच्या हातात चांगला बसला होता. कंपनीनं मूठ बदलली, पोलाद बदललं, जुना नमुना यायचा थांबला. टोळीवाले जुनाच मागायचे. "मालक, पैसे वाढवून घ्या, पण तोच द्या." बंद झालेल्या चाकूला जादा पैसे मोजणारी मी पाहिलेली पहिली माणसं ही. त्यांनी तो कपाटात ठेवला नाही. दगडावर घासून घासून पातं निम्मं केलं, संपवलं. आज त्याच चाकूचा कोरा नग शोधत पुण्या-मुंबईचा माणूस आमच्याकडे येतो, कारण बाकीचे सगळे या टोळ्यांनी संपवलेत.

बंद झाला म्हणून चाकूला किंमत येत नाही. लोकांना हवा असताना बंद झाला आणि निघालेले बहुतेक वापरून संपले, तर उरलेल्यांना येते. जो पहिल्या दिवसापासून जपण्यासाठीच विकला जातो, मखमली डबी, क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र वगैरे, त्याचं माझ्या मते अवघड आहे. सगळेच जपणार. तीस वर्षांनी सगळेच कोरे आणि सगळेच विकायला काढलेले.

बाहेरच्या देशांतही हेच दिसतं. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीनं 1920 ते 1940 या काळात चाकू बनवले. मुठीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराची छोटी पट्टी असलेले तिचे मोठे चाकू शिकारी आणि शेतकऱ्यांनी वापरून झिजवले, म्हणून त्यातला चांगला राहिलेला नग आज फार महाग. 1982 पासून त्याच नमुन्यांच्या नव्या आवृत्त्या निघू लागल्या. त्या लोकांनी डबीतच ठेवल्या आणि त्यांचा भाव जुन्यांच्या आसपासही नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या एलेनव्हिलचा श्रेड या चाकू कंपनीचा कारखाना 2004 मध्ये बंद पडला, नाव विकलं गेलं, नवा माल दुसरीकडून बनून येऊ लागला. पण जुना माल इतका अफाट निघाला होता की साध्या नमुन्यांसाठी घाई करण्यासारखं काही नाही. उलट स्विस लष्कराचा 1961 चा सैनिकी चाकू बघा. 93 मिलिमीटरचा, ॲल्युमिनियमच्या मुठीचा. 2008 मध्ये लष्करानं नवा नमुना घेतला आणि हा थांबला. पात्याच्या बुडाशी वर्षाचे दोन आकडे ठोकलेले असतात, म्हणून एकेक वर्ष गोळा करणारी माणसं आहेत. एकाच चाकूचे इतके नग कशाला, असं आमच्या घरी विचारतात. गोळा करणाऱ्याला विचारू नये.

वेंगर या स्विस चाकूबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, कारण आखातात नोकरी केलेल्या कुणीतरी तो आणलेला असतो. व्हिक्टोरिनॉक्स या दुसऱ्या स्विस कंपनीनं वेंगर 2005 मध्ये घेतली आणि 2013 मध्ये त्या नावाचे चाकू थांबवले. नाव गेलं, पण त्यातले बरेच आकार व्हिक्टोरिनॉक्सच्याच नावानं पुढं चालू राहिले. त्यामुळे रोजच्या वेंगरला मी फार आशा लावू देत नाही.

आमच्या स्वतःच्या जुन्या मालाचं काय झालं, तेही सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. पेठेत पाणी भरलं. खालच्या फळ्यांवर जे होतं ते आठवडाभर गढूळ पाण्यात. घडीच्या चाकूचा त्रास असा, की वरून पुसला की स्वच्छ दिसतो, पण गाळ पातं आणि कमानीच्या (पात्याला दाबून धरणाऱ्या पाठीच्या स्प्रिंगेच्या) मधल्या फटीत जाऊन बसतो आणि तिथं ओल धरून गंज आतून काम करत राहतो. आम्ही रॉकेल मिळवलं, प्रत्येक चाकू उघडून त्यात बुडवला, जुन्या टूथब्रशनं सांधा घासला, सायकलवाल्याचा कॉम्प्रेसर आणून हवा मारली, मग शिलाई मशीनचं तेल. साध्या कार्बन पोलादाच्या पात्यांवर तरीही काळे ठिपके राहिले. डब्यांचा तर लगदा झाला. तो सगळा 'पुराचा माल' असा फलक लावून पडत्या भावात विकला, लोकांनी वापरायला नेला. कोरा राहिला तो फक्त माळ्यावरचा. हल्ली संग्राहक विचारतात तो हाच माळ्यावरचा माल.

आता एखादा चाकू घेऊन कुणी आला की आम्ही काय बघतो? आधी उघडतो आणि कान देतो. कमान ताठ असेल तर पातं खट्कन बसतं, सैल असेल तर आवाजच येत नाही. मग पातं दोन बोटांत धरून आडवं हलवायचं. मग टोकाकडची रुंदी. दगडावर बरीच वर्षं गेलेलं पातं टोकाला निमुळतं होतं आणि मिटल्यावर मुठीत पोकळी दिसते. शेवटी भिंगाखाली बुडाचा शिक्का. अमेरिकेच्या केस कंपनीनं 1970 मध्ये शिक्क्याखाली दहा ठिपके ठोकले आणि पुढं दरवर्षी एकेक कमी केला, म्हणजे ठिपके मोजले की साल कळतं. इंग्लंडातल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा तारा आणि क्रॉसचा शिक्का जुन्या सांगलीकर घरांत अजून सापडतो. आजोबांच्या पेटीतल्या, बोरू तासायच्या चाकूवर. नक्कलही तितकीच सापडते.

एक विनंती. विकायला आणण्याआधी चकचकीत करून आणू नका. बफ मारून शिक्का पुसट केलेला चाकू माझ्या हातात आला की मला बोलणं जड जातं. ठेवणीतला चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेल्या रसायनांनी पातं खातं. जुन्या सेल्युलॉइडच्या रंगीत मुठीचा चाकू बाकीच्यांबरोबर एका पेटीत नको. ती मूठ सडायला लागली की तिच्यातून निघणारा वायू शेजारच्या चाकूंनाही गंज चढवतो. पावसाळ्याआधी तेलाचं बोट फिरवा, एवढं पुरे.

पैशाचं म्हणाल, तर 30 वर्षांपूर्वी 200 रुपयांना घेतलेला चाकू आज 1,500 ला गेला की माणूस खूश होतो. सव्वासात टक्क्यांची ठेव दहा वर्षांत दुप्पट होते, तीस वर्षांत आठपट, म्हणजे 1,600. शिवाय ठेवीला तेल लावावं लागत नाही. (बँक बुडाली नाही आणि ठेव जागेवर राहिली तर, हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको.) विट्याकडची गलाई मंडळी देशभर सोनं गाळतात, त्या सोन्याला मोडीतही भाव आहे. चाकू मोडीत घातला तर किलोवर लोखंड. आवड असेल तर घ्या, मुलीच्या लग्नासाठी म्हणून घेऊ नका.

काही गोष्टी आम्ही घेत नाही. हस्तिदंती मुठीचा चाकू कितीही जुना असो, वन्यजीव कायद्यानं व्यापार बंद, 1986 मध्ये देशी हस्तिदंताचा आणि 1991 मध्ये आफ्रिकेतून आलेल्याचाही. सांबरशिंगाचंही तेच. एकेकाळी परदेशी कारखान्यांच्या मुठींना शिंग आपल्याकडूनच जायचं, ते थांबल्यावर तिकडं जुन्या सांबरशिंगी चाकूंचे भाव चढले. इथं मात्र तो व्यवहार करायचा नाही. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, ती परदेशी पाठवता येत नाही. शस्त्र नियमांतली नऊ इंच लांब किंवा दोन इंच रुंद पात्याची मर्यादा खिशातल्या चाकूपासून लांब असते. पण जिल्ह्यात पोलीस कायद्याच्या कलम 37 चा, शस्त्रं बाळगायला मनाई करणारा आदेश लागू असेल तर संग्रह पिशवीत घालून मिरवत येऊ नका, फोटो दाखवला तरी आधी काम भागतं. शाळकरी पोरांना आम्ही चाकू विकत नाही, खटक्याचे, म्हणजे बटण दाबलं की उघडणारे, तर कुणालाच नाही.

संग्राहकांसाठी आता दुकानात एक वेगळा खण आहे, आणि कोण काय शोधतंय त्याची एक वही. जुना नग आला की वहीतल्या माणसाला फोन जातो. किमतीवर घासाघीस करतो, पण कलमाचा चाकू असेल तर पहिला हक्क टोळीवाल्याचा, संग्राहकानं जास्त दिले तरी. यावरून पुतण्याचं आणि माझं दर हंगामाला वाजतं. चाकू दाखवायला कधीही या, बघण्याचे पैसे नाहीत. छाटणीच्या दिवसांत मात्र संध्याकाळी सहानंतर या, त्याआधी काउंटरवर कात्र्यांची रांग असते.