शून्याचा एक करायचे पैसे

"बटन दाबाना दोन हजार?"

साक्रीकडचे एक दादा स्कोडा रॅपिड घेऊन आले होते. नंबर प्लेटला एलईडी बल्ब टाकल्यापासून मीटरवर बल्ब गेल्याचा दिवा पेटत होता. एलईडी करंट फार कमी ओढतो, त्यामुळे गाडीला वाटतं की बल्ब उडाला. मी लॅपटॉप लावला, सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्समध्ये, म्हणजे दिवे सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये गेलो आणि लाँग कोडिंगमधला, म्हणजे सेटिंगच्या लांबलचक आकड्यातला, त्या दिव्याच्या तपासणीचा एक बिट (शून्य किंवा एक) बदलला. दिवा विझला. चहा यायच्या आत काम संपलं, त्यामुळे दादांचा प्रश्न मला चुकीचा वाटला नाही. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. दुकानाची हकीकत लिहायला बसलोय तर ते उत्तर आधी देतो.

धुळ्यात आमच्या आप्पांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन्ही महामार्ग इथून जातात, त्यामुळे ट्रकची कमी नव्हती. सेल्फ, डायनामो, हॉर्नचा रिले, जळालेलं वायरिंग. हत्यारं म्हणजे पक्कड, टेप आणि टेस्ट लॅम्प. एक वायर, एक काम. लॅम्प पेटला तर इथपर्यंत करंट आहे, नाही पेटला तर मागे जा.

मग दारात अशा कार येऊ लागल्या, ज्यांच्यात काचेचं बटण काचेच्या मोटरला करंट देतच नाही. बटण फक्त निरोप देतं. तो निरोप पिळलेल्या दोन वायरींवरून जातो आणि काच वर घ्यायची का नाही ते एक मॉड्यूल, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, ठरवतं. कॅन बस म्हणतात ती हीच, बॉशने 1986 मध्ये जगापुढे आणली. या वायरींना टेस्ट लॅम्प लावायचा नसतो. आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लॅम्प खिशात घातला आणि विचारलं, "मंग गाडी बोलस का रे तुनासंगे?"

बोलते, पण गाडी लॅपटॉपला जोडणारा नीट अडॅप्टर असेल तर. माझा पहिला अडॅप्टर काही शे रुपयांचा निळा, चिनी ईएलएम 327. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावायचा. इंजिनचे कोड वाचायचा, काचा-दरवाजांचं नाव काढलं की मुका. चूक कुठे होती ते इकोस्पोर्टनं शिकवलं. फोर्डमध्ये 6 आणि 14 नंबरच्या पिनांवर एक बस असते, 3 आणि 11 वर दुसरी, आणि बॉडीची बरीच मॉड्यूलं या दुसरीवर. ती बस उघडणारा अडॅप्टर घेतला, फोर्डसाठीचं फोरस्कॅन सॉफ्टवेअर शिकलो. सप्टेंबर 2021 मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा शिरपूर, दोंडाईचा, शहाद्याचे फोर्डवाले घाबरून फोन करू लागले. दुकान खरं उभं राहिलं ते त्या लोकांवर. फोक्सवॅगन-स्कोडासाठी तसलंच व्हीसीडीएस सॉफ्टवेअर नंतर घेतलं, अस्सल केबलसकट. त्याआधी नकली केबलही घेतली होती, त्या पैशांचा हिशोब आप्पांना अजून दिलेला नाही.

आता ती मे महिन्यातली गोष्ट. पारा चव्वेचाळीसला. एका मॉड्यूलमध्ये नवं सॉफ्टवेअर भरत होतो. कोडिंग म्हणजे आहे त्या सेटिंगमध्ये फेरफार, हे काम त्याहून नाजूक, मधेच थांबलं तर अर्धवट भरलेलं मॉड्यूल बेशुद्ध होतं. स्विच ऑन, इंजिन बंद, बॅटरी जुनी, आणि घाम निघतोय म्हणून मी ब्लोअर चालू ठेवलेला! व्होल्टेज बसलं. स्क्रीनवरची पट्टी अर्ध्यावर थांबली आणि गाडी चावीलाही ओळख देईना. मॉड्यूल काढून नाशिकला पाठवलं, दोन आठवडे गेले, महिन्याची कमाई गेली. तेवढे दिवस गिऱ्हाईक आमची ओम्नी वापरत होतं. ते आप्पांना म्हणालं, "पोऱ्या चांगला शे, पन घाई करस." ते आजही गाडी आमच्याकडेच आणतात, का ते मला कळलेलं नाही.

त्यानंतर बॅटरीला जोडायचा पॉवर सप्लाय घेतला. आता काहीही बदलण्याआधी सगळी मॉड्यूलं स्कॅन करतो, मूळ कोडिंग गाडीच्या नंबरच्या नावाने सेव्ह करतो आणि एक प्रत छापून गिऱ्हाइकाला देतो. बाहेर कोणी उगाच आकडे फिरवलेल्या गाड्या येतात, तेव्हा मूळ कोडिंग कोणाकडेच नसतं आणि एका बिटाचं काम दोन दिवसांचं होतं. दोन हजार कशाचे ते आता कळलं असेल.

मीटरची सुई स्टार्टला पूर्ण फिरून येणं, रिमोट दाबून धरला की काचा वर जाणं, ही पोरांच्या हौसेची कामं. दुकान चालतं ते दुसऱ्याच कामांवर. डिझेल गाडीला नवा इंजेक्टर टाकला की त्याच्यावर छापलेला कोड ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो, बऱ्याच गाड्यांत. मेस्तरी हे विसरतो, गाडी ठोकते, धूर मारते आणि दोष नव्या इंजेक्टरवर जातो. बीएस 6 आल्यापासून डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. शेतातून मार्केट, मार्केटातून घर, एवढंच चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरेसा तापत नाही आणि काजळी जळत नाही. लॅपटॉपवरून रिजनरेशन करून, म्हणजे ती काजळी जाळून देतो, पण आधी सांगतो की लळिंग घाट चढून मालेगावपर्यंत एका दमात जाऊन या. बऱ्याचदा त्यातच भागतं आणि माझे पैसे बुडतात.

डीपीएफ सॉफ्टवेअरमधून काढून टाका म्हणणारे येतात, मीटर मागे घ्या म्हणणारे त्याहून जास्त. दोन्ही करत नाही. मीटरचं तर उघड आहे, समोरच्याला फसवायचंच काम ते. काही गाड्यांत किलोमीटर दुसऱ्या मॉड्यूलमध्येही नोंदलेले असतात, हे सांगितलं की काही जण गाडी पुसत पुसत निघून जातात.

साक्रीचे दादा दिवाळीआधी मेहुण्याची गाडी घेऊन आले. पैशांवरून घासाघीस केलीच, शेवटी अठराशेवर आले. आप्पा आता वायरिंगला बसत नाहीत, नजर कमी झाली. कोडिंग चालू असलं की सप्लायसमोर स्टूल टाकून बसतात, ब्लोअर बंद आहे का ते आधी बघतात, आणि मला व्होल्टेजचा आकडा सांगतात.

"तेरा पॉइंट चार शे. चालू दे."